एक कडी वेगळी

तबकडीवर जंतू वाढले होते, आणि तिथे ते वाढायला नको होते.

हेमांगी खडतकरने काचेची तबकडी उजेडासमोर धरली. मधोमध तिने स्वतःच्या हाताने जंतू मारणाऱ्या रक्षकसाखळीचा थेंब टाकला होता. त्या थेंबाभोवती एरवी लखलखीत रिकामं वर्तुळ पडायचं. आज वर्तुळाचा मागमूस नव्हता. दुधावर साय धरावी तशी जंतूंची पिवळट साय थेंबावरूनच पसरत गेली होती.

"मॅडम, हे बघता का जरा?"

डॉ. नलिनी ढोके नागपूरबाहेरच्या या संशोधन केंद्राच्या प्रमुख होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तबकडी नाकाशी नेली. "नमुना कुणाचा?"

"सुजातचा. करुणाच्या मुलाचा."

करुणा मेश्राम केंद्राच्या किण्वन विभागात अभियंता होती. केंद्राच्याच पाळणाघरात तिचा सुजात आणि हेमांगीची मृणू एकमेकांच्या बोटांना चावत मोठी होत होती. सुजातच्या मानेवर आधी साधी पुळी आली. मग ताप चढला, आणि आता तो शहरातल्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात होता.

ढोके मॅडमनी तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. काझी यांना पडद्यावर बोलावून घेतलं.

"प्रतिजैविकं चालत नाहीत ते मला माहीत आहे," काझी वैतागून म्हणाले. "आजकाल निम्म्या जंतूंवर चालत नाहीत. पण त्याचं शरीर काहीच का करत नाहीये? जखमेभोवती नुसती शरणागती आहे."

"कारण त्याचं पहिलं शस्त्र मोडलंय," मॅडम म्हणाल्या. "पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडं हे सगळं सैन्य मागून येतं, डॉक्टर. त्याआधी आपल्या त्वचेत, घामात, लाळेत रक्षकसाखळ्या असतात. अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. जन्मतःच मिळतात, कुणी शिकवावं लागत नाही. जंतूच्या बाहेरच्या पटलाला चिकटतात, त्याला भोकं पाडतात, की जंतू फुटला. आपण रोज असे लाखो जंतू मारतो आणि आपल्याला पत्ताही नसतो."

"आणि हा जंतू?"

"यानं कात्री बनवलीय. म्हणजे एक विकर, एन्झाइम. साखळीतली एक ठरावीक कडी हेरायची आणि तिथेच तोडायचं. तुकडे झालेली साखळी काय भोकं पाडणार?"

"असं आपोआप झालं?"

मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाल्या, "आपोआप सहसा होत नाही. माणसाची साखळी औषध म्हणून बाहेरून, थोडीथोडी, रोज मिळत राहिली तर होऊ शकतं. मारायला कमी आणि शिकवायला पुरेशी. आमचा त्राणलेप तसाच आहे, माणसाच्या साखळीची हुबेहूब नक्कल. म्हणून तर आम्ही तो भाजलेल्या रुग्णांखेरीज कुणाला देत नाही, आणि तेही एकदाच, भरपूर. पाळणाघराशी त्याचा काय संबंध?"

हेमांगीने तबकडी खाली ठेवली.

संबंध तिला ठाऊक होता.

मृणू जन्मली तेव्हा सगळ्या बाळांची होते तशी तिचीही जनुकतपासणी झाली. त्यात एक ओळ होती: रक्षकसाखळीत एक कडी वेगळी, क्षमता काहीशी कमी, चिंतेचं कारण नाही. दुसऱ्या आईने कागद मिटून ठेवला असता. हेमांगीने आयुष्यभर त्या साखळ्यांचाच अभ्यास केलेला. शिवाय ती कडी मृणूला दोन्हीकडून मिळाली होती. हेमांगीचं लग्न आतेभावाशी झालेलं. मामाची मुलगी करायची घराण्यातली रीतच होती. "घरातलीच मुलगी घरात आली," म्हणून आत्या हरखली होती. जीवरसायनशास्त्र शिकलेल्या मुलीने मान खाली घालून अक्षता झेलल्या, आणि लेकीच्या पदरात कमजोर कवच टाकलं. हे तिला कुणी बोललं नव्हतं. तिची तीच स्वतःला बोलत असे.

मग गुणवत्ता तपासणीतून उरलेला त्राणलेप तिच्या पर्समधून घरी जाऊ लागला. रोज सकाळी बोटाच्या टोकावर एवढासा, मानेच्या वळ्यांत आणि जांघेत. एवढ्याशाने काय होतंय? आणि पाळणाघरात कुंदामावशींना तिने बजावून ठेवलं होतं, "मालीश आधी माझ्या मृणूची. बाकीच्यांची नंतर." इतरांचे जंतू मावशींच्या हातातून लेकीला लागू नयेत म्हणून. मावशी तोंडावर म्हणायच्या, "महाराणीसाहेबांना आधी घ्या बाप्पा!" आणि मग त्याच तेलकट हातांनी सुजातला घ्यायच्या.

दुपारी पाळणाघरातल्या सगळ्या मुलांच्या त्वचेचे नमुने तपासून झाले. ढोके मॅडम पडद्यासमोर कोड्यात पडून बसल्या होत्या.

"हेमांगी, तुझ्या मुलीच्या अंगावर हा जंतू सगळ्यात जास्त आहे. इतरांच्या कितीतरी पट. आणि ही पोरगी खेळतेय, खातेय, साधी पुळी नाही. का?"

का ते हेमांगीला त्याच क्षणी कळलं. कात्री तोडते ती ठरावीक कडी. मृणूकडे ती कडीच नव्हती. लेपाने जंतूंना जे शिकवलं ते सगळ्या जगाच्या साखळीविरुद्ध शिकवलं होतं, एकट्या मृणूची सोडून. जिला दुबळी समजून ती रोज झाकत होती, तीच लेक सुरक्षित होती.

आणि ती साखळी यंत्रावर बनवता येईल. सुजातला देता येईल.

पण मग जंतू तीही तोडायला शिकतील.

"सांगता येत नाही, मॅडम," ती म्हणाली, आणि सुजातचा ताजा नमुना आणते असं सांगून रुग्णालयात गेली.

करुणा काचेबाहेरच्या बाकावर बसली होती. केस विंचरलेले नव्हते. हेमांगीला पाहून ती सरकून बसली.

"ये. मृणू बरी आहे ना गं?"

"आहे."

"बरं झालं बाई. मी म्हणत होते, ही हेमांगी फारच करते, हात धू, आधी माझ्याच मुलीची मालीश कर. हसायचो आम्ही तुला मागे. पण तुझंच बरोबर होतं बघ. मी अशीच, मातीत लोळू दिलं, जमिनीवरचं बिस्किट उचलून खाल्लं तरी म्हटलं, पचवेल." तिने काचेकडे पाहिलं. "माझंच चुकलं ना?"

हेमांगीला काचेपलीकडे नळ्यांमध्ये निजलेला सुजात दिसत होता. त्याची मूठ वळलेली होती.

"तुझं नाही चुकलं," एवढंच ती बोलू शकली. नमुन्याची बाटली न घेताच ती परतली.

ढोके मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून तिने सगळं सांगितलं. लेप. मालीश. वेगळी कडी.

"लेप नेलास त्याचं काय ते समिती बघेल," शेवटी त्या म्हणाल्या. "आता एक ऐक. तुझ्या मुलीची साखळी दुबळी आहे, पण मात्रा वाढवली तर पुरेल. काझी तातडीची परवानगी मिळवतील. पण ती औषध झाली की एका सुजातवर थांबणार नाही. हा जंतू जिथे जिथे पोचलाय तिथे मागतील. आणि लोक कसे वापरतात ते तुला मी सांगायला नको. कधीतरी दुसरी कात्री तयार होईल. त्या दिवशी मृणूकडे काहीही उरणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"कुणी जबरदस्ती करत नाहीये. साखळी तुमच्या घरची आहे."

"मॅडम, कात्री पण माझ्याच घरची आहे," हेमांगी म्हणाली, आणि साखळीयंत्रापाशी जाऊन लेकीच्या कड्या एकेक करून भरू लागली. वेगळ्या कडीपाशी बोट अडलं. तिने डोळे मिटून कळ दाबली.

औषध शिरेतून गेलं, जखमेवर त्याचाच मलम लावला. आधी सूज थांबली, मग ताप हटू लागला. काझींनी पडद्यावरून फक्त अंगठा दाखवला. सुजातला साध्या खोलीत हलवलं त्या दिवशी ढोके मॅडम म्हणाल्या, "समिती बसायच्या आधी करुणाला तू सांग. माझ्याकडून कळलं तर वाईट."

हेमांगी गेली तेव्हा सुजात आईच्या मांडीवर पेज खात होता, म्हणजे अर्धी खात होता आणि अर्धी माखून घेत होता. करुणाने उठून तिला मिठीच मारली.

"मॅडम म्हणाल्या, औषध तू शोधलंस. काय देऊ गं तुला?"

"करुणा, मला जरा बोलायचंय."

"आधी माझं ऐक. गंमत सांगते." तिने पर्स पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "मलमाची उरलेली ट्यूब मी सिस्टरकडून मागून घेतली. त्या नाहीच म्हणत होत्या. घरी गेले की रोज आंघोळीनंतर लावणार, एवढंसं, बोटावर. मानेच्या वळ्यांत. तू पण मृणूला लाव."

खोलीत उन्हाची तिरीप होती आणि सुजात वाटीवर चमचा आपटत होता.

"नको लावू," हेमांगी म्हणाली. "ती ट्यूब मला दे."

"का? एवढ्याशाने काय होतंय?"

"सांगते. तेच सांगायला आलेय. ऐकल्यावर मला काय हवं ते बोल, तोंड बघू नकोस माझं. पण आधी ट्यूब दे."

करुणा हसतच होती, गंमत चालली असावी तशी. मग हेमांगीच्या चेहऱ्याकडे बघता बघता ते हसू विझलं. तिने एका हाताने सुजातला जवळ ओढलं आणि दुसऱ्या हाताने पर्सची चेन हळूच लावून घेतली.