साखळी-भाषांतर

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचं उजवं मनगट मोडलं. हाड कातडी फाडून बाहेर आलं. आवाज पार वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यापर्यंत गेला, असं ग्रंथपाल म्हणाल्या. त्याच्या टेबलापाशी कोणीही नव्हतं.

मी दैनिकात काम करतो. एरवी ही बातमी चार ओळींत आटोपली असती. पण माझी धाकटी बहीण त्याच वर्गात आहे. लॅटिनपासून निघालेल्या भाषा आणि त्यांचं साहित्य, असा विषय. विद्यार्थी चारच.

त्यांच्या प्राध्यापकांचा एक ठरलेला प्रयोग आहे. जुन्या कथेतलं एक पोर्तुगीज पान पहिला विद्यार्थी स्पॅनिशमध्ये आणतो. दुसऱ्याने फक्त ते स्पॅनिश पान पाहून इटालियन करायचं, तिसऱ्याने इटालियनवरून फ्रेंच आणि चौथ्याने, म्हणजे यंदा माझ्या बहिणीने, फ्रेंचवरून आपल्या भाषेत. शेवटी सगळी पानं शेजारी ठेवून वाटेत काय हरवलं ते बघायचं. यंदाच्या पानात एका माणसाला त्याच्याच घरात लोखंडी गजाने मारतात. घाव एकच, मनगटावर.

बुधवारी दुसरी विद्यार्थिनी कॅन्टीनच्या रांगेत कोसळली. आधी मनगट, मग जबडा. तिने सकाळीच दिलेल्या इटालियन पानात घाव दोन होते.

शुक्रवारी तिसरा. सतत बडबडायचा म्हणून वर्गात त्याला पोपट म्हणत. मनगट, जबडा, बरगड्या. हे जिन्यात घडलं, प्राध्यापक दोन पायऱ्या पुढे असताना. शनिवारी पहाटे तो गेला. त्याच्या फ्रेंच पानात घाव तीन.

"पोरं गाळतात हो," प्राध्यापक मला म्हणाले. "बावीस वर्षांत कोणी पदरची ओळ घातलेली नाही. एवढा उत्साह आहे कुणाला?" ते हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. वाढलेल्या ओळी ज्याच्या त्याच्या अक्षरात होत्या. बाकी पानभर खाडाखोड, त्या ओळींत एकही नाही.

शनिवारी दुपारी पोलिसांनी सगळी पानं सील केली. मी बहिणीला वसतिगृहातून घरी आणलं.

"चौथं पान आता होणारच नाही," मी म्हणालो. "सुटलीस."

"दादा, मी ते फ्रेंच पान शुक्रवारीच वाचलंय."

"वाचलंस ना? लिहिलं तर नाहीस?"

"वाचताना कळलं ना मला! आपल्याच भाषेत कळलं. आता ते न कळलेलं कसं करू?"

"त्यात तीनच घाव आहेत ना?"

"पानात तीन."

"मग?"

"बातमीदार म्हणून विचारतोयस की भाऊ म्हणून?"

"भाऊ म्हणून."

"मग नको विचारूस."

आज, रविवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ती कप विसळत होती. मनगट मोडलं.

मी धावत जाऊन तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. माझ्या तळव्याखाली तिचा जबडा सरकला. दात माझ्या बाहीवर पडले.

मी सोडलं नाही.

बरगड्या माझ्या मिठीच्या आत मोडल्या. मला खरचटलंसुद्धा नाही.

चौथी जखम नाही, असं डॉक्टर म्हणाले. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. शुद्धीवर आल्यापासून ती डाव्या हाताने एकच खूण करते आहे. तिला कागद हवाय.

घाव कुठे बसणार ते कळलं, तर ती जागा जपता येईल.

लिहिलं, तर पान पुरं होईल.

मी कागद दिलेला नाही.

आता सात वाजून पाच मिनिटं झाली आहेत. तिचं बोट चादरीवर डावीकडून उजवीकडे फिरतंय. तीन ओळी झाल्या. चौथी तिने माझ्या तळहातावर सुरू केली आहे.