दोन बोटांची टकटक

ऐक. मधे बोलू नकोस, माझी लिंक तुटते. फक्त ऐक.

आपली चिऊ... हो, तीच, लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारी. ती त्या दिवशी चुकीच्या खोलीत शिरली. एवढंच झालं खरं तर!

टेकडीवर एक बंद पडलेली शाळा आहे. आता तिथे कलाकार येऊन राहतात, आपापलं काम करतात. वर्गांच्या खोल्या तशाच, भिंतीवर फळे तसेच, आणि हात धुवायची बेसिनं इतकी बुटकी की मोठ्या माणसाला गुडघ्यात वाकावं लागतं. चिऊला मिळाला होता अगदी शेवटचा वर्ग आणि ती शिरली त्याच्या आधीच्या वर्गात. हातात बॅग, गळ्यात टॅबलेटची पिशवी, बसच्या वळणांनी डोकं गरगरतंय. समोर टेबल दिसलं, बाईसाहेबांनी कोपर टेकलं...

"हलू नका!"

चिऊ जागच्या जागी गोठली. कोपऱ्यातून एक उंच मुलगा आला, बाह्या वर सरकवलेल्या, गालावर काळा डाग. हातात पांढरा कागद. त्याने काय करावं? तो कागद हळूच तिच्या कोपरावर दाबला, अंगठ्याने चारी बाजूंनी घासला आणि अलगद सोलून काढला.

"हे काय करताय तुम्ही?"

"छाप घेतोय. काचेवर ताजी शाई पसरली होती. निम्मी तुम्ही घेऊन चालला होतात."

कागदावर एक काळं, सुरकुतलेलं, बटाट्यासारखं काहीतरी उमटलं होतं. त्याने ते दोरीवर चिमट्याने अडकवलं आणि खाली पेन्सिलने लिहिलं, एक छेद एक.

"म्हणजे?"

"एकातली पहिली प्रत," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "दुसरी हवी असेल तर परत टेकावं लागेल."

आता सांग, अशा माणसाला काय म्हणायचं? चिऊने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं छापखाना. आणि संध्याकाळपर्यंत ते तिच्या तोंडून चुकून निघूनही गेलं. तो हसला, म्हणाला, चालेल, खऱ्या नावापेक्षा बरं आहे.

पण ती तिथे गेली कशाला, ते आधी ऐक. तिच्याकडे एक पुस्तक होतं करायला. भर बाजारात हरवलेल्या छत्रीची गोष्ट. प्रत्येक पानावर गर्दी. चिऊने गर्दी काढली, पाठवली आणि संपादकबाईंनी ती परत पाठवली. "सगळे चेहरे एकाच कारखान्यातून आल्यासारखे आहेत. असंच राहिलं तर मला पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." आणि त्यात खोटं काहीच नव्हतं गं! टॅबलेटवर एक चेहरा काढायचा, तो उचलून दहा ठिकाणी चिकटवायचा, टोपी बदलायची. वर्षभर हेच चाललं होतं. आपल्याला चित्र काढता येतं की नाही, हेच तिला कळेनासं झालं होतं.

टेकडीवर आल्यावरही तेच. नवा टॅबलेट, नवं पेन, खिडकीबाहेर धुकं, सगळं कसं चित्रकाराला शोभेलसं, आणि पडदा मात्र कोरा. शेवटी ती शेजारच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काय हवंय?"

"काहीतरी दे. ज्यावर चेहरा उचलून चिकटवता येत नाही, असं."

त्याने लिनोचा तुकडा दिला, म्हणजे जाड, चॉकलेटी, पायपुसण्यासारखा रबरी तुकडा, आणि एक कोरणी. कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवून दाबायचं. चिऊने बाजारातली एक भाजीवाली कोरायला घेतली आणि चेहरा होत आला तोच कोरणी घसरली. तिने काय केलं असेल? दोन बोटं उचलली आणि लिनोवर टकटक केलं.

"आत कुणी आहे का?" छापखाना म्हणाला.

"काय?"

"दार वाजवलंस म्हणून विचारलं."

चिऊ लाजून लाल. "सवय रे! टॅबलेटवर दोन बोटं टेकवली की शेवटची रेघ जाते."

"कुठे जाते?"

"जाते म्हणजे... झालीच नव्हती असं होतं."

"अरे वा! हे मला दहावीच्या पेपरात मिळायला हवं होतं." त्याने तो घसरलेला तुकडा उचलला, शाई लावली, छाप काढला आणि तिच्यापुढे धरला. "इथे नाही जात. बघ."

चिऊने पाहिलं. घसरलेल्या कोरणीमुळे भाजीवालीचं नाक वाकडं झालं होतं, एक भुवई कपाळात गेली होती. पण बाई... बाई जिवंत होती! भलतीच रागावलेली होती.

"हिची बस चुकलीय," छापखाना म्हणाला.

"छे, हिच्या बहिणीने हिची चप्पल घातलीय."

"आणि वर म्हणतेय, मी नाही घातली!"

दोघांची हसता हसता पुरेवाट झाली. मग काय, रोज एक-एक माणूस जन्माला यायला लागला. चिऊ कोरायची, छापखाना छाप काढून द्यायचा आणि दोघं मिळून त्या माणसाच्या घरातली भांडणं लावायचे. संपादकबाईंना फोटो पाठवले. उत्तर आलं, "हे लोक कोण आहेत? मला सगळेच्या सगळे हवेत."

आता कुणीही खूश होईल ना? आपली चिऊ गोंधळली. तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, एक मुलगा आहे."

"आहे ना? देवा! जेवतो का नीट?"

"मावशी! अगं, मला तो आवडतो की चित्रं जमायला लागली ते आवडतंय, हेच कळत नाहीये. तो आला आणि चित्रं आली. दोन्ही एकदमच आलं."

मावशी म्हणाली, "तुझे काका मला पहिल्यांदा दिसले ते स्कूटरवर. लाल स्कूटर. काय डौल होता! काका आवडले की स्कूटर, मलाही तेव्हा सांगता आलं नसतं."

"मग कधी कळलं?"

"स्कूटर विकली तेव्हा."

बघ, मावशीचं हे असं असतं. फोन ठेवल्यावर चिऊ आणखीनच गोंधळली.

आणि मग ती संध्याकाळ. चित्र मोठं होतं, म्हणून ते हाताच्या प्रेसवर छापायचं होतं. त्या प्रेसला जहाजासारखं लोखंडी चाक असतं, एकटीला फिरत नाही. चिऊने चाक धरलं, छापखान्याने धरलं... आणि त्याचा हात तिच्या हातावर आला. चाक फिरून थांबलं. हात तिथेच.

"चिऊ," तो म्हणाला. आवाज वेगळाच. "मी विचार करत होतो, की तू..."

आणि चिऊच्या छातीत अशी धडधड सुरू झाली, अशी... की तिची दोन बोटं आपोआप उचलली गेली आणि लोखंडावर वाजली. टकटक.

त्याने त्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच आपला हात काढून घेतला.

"बरं," तो म्हणाला. बास. एवढंच.

चिऊला बोलायचं होतं गं! पण ती आपली चाकावरची शाई पुसत बसली. सकाळी बघते तर त्याच्या वर्गाला कुलूप. तिथली व्यवस्था बघणारी ताई म्हणाली, "तो शहरात गेलाय, कागद आणायला. येईल दोन दिवसांनी."

कागद! कपाटात कागदाची ही चळत होती.

चिऊ दिवसभर स्वतःवर चरफडली. मग डोकं शांत करायला कोरणी घेऊन बसली. मनात धाकधूक, की तो नाही तर आता काही जमणार नाही, परत तो कारखाना सुरू होणार. आणि काय झालं माहितीय? जमलं! मिशांना पीळ देणारा शिंपी आला. जांभई देणारा हवालदार आला. एका बाईच्या कडेवर पोर नुसतं ओरडत आलं. एकापेक्षा एक! चित्रं तिचीच होती, तिच्याच हातातून येत होती. चिऊ खुर्चीवरून उठून एकटीच नाचली.

नाचून झाल्यावर चहा केला. आणि चहा निवायच्या आत तिच्या लक्षात आलं, की आपला एक कान सकाळपासून दाराकडे आहे. कॉरिडॉरमध्ये पाऊल वाजलं की कोरणी थांबते. शिंप्याची मिशी झाली आणि आपण मागे वळून म्हणालो, "याचं बायकोशी पटत नाही ना?" आणि मागे कुणीच नव्हतं.

चित्रं त्याच्याशिवाय येत होती. तरी तो हवा होता.

तो परतला नेमका ती निघायच्या दिवशी. फाटकात व्हॅन उभी, ड्रायव्हरकाका हॉर्नवर हॉर्न देतायत, बॅगा आत गेल्यात, आणि छापखाना बगलेत कागदाची गुंडाळी घेऊन येतोय. चिऊ धावत त्याच्यासमोर गेली. धाप लागलेली. आणि आपल्या या शहाण्या मुलीने सुरुवात कशी करावी?

"मला तुझी गरज नाहीये!"

त्याचा चेहरा असा पडला ना... "बरं," तो म्हणाला.

"बरं नको म्हणूस! पूर्ण ऐक! मला वाटलं होतं चित्रं तुझ्यामुळे येतात. तू गेलास, तरी आली. चांगली आली. म्हणजे मला तुझी गरज नाही... आणि तरी मी दोन दिवस दाराकडे बघत होते. कळतंय का तुला? आणि ती बोटं ना, ती घाबरली होती फक्त. त्यांना काही पुसायचं नव्हतं!"

तो डोकं खाजवत हसायला लागला, पण ते हसू जरा रडवेलंच होतं. "तुझी चित्रं आली ना? छान. तू आल्यापासून माझं एक झालेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे एकसुद्धा नाही. सगळे लिनो कोरे पडलेत. प्रदर्शनाची आमंत्रणं छापून झालीत आणि भिंतीवर लावायला काही नाही. तू शेजारच्या वर्गात गुणगुणतेस आणि मी हातात कोरणी धरून ऐकत बसतो."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? गुणगुणू नकोस?"

तेवढ्यात ताई पायरीवरून ओरडली, "चिऊ, तुझी खोली महिनाभर रिकामीच आहे गं! राहायचं तर राहा!"

छापखाना एकदम गंभीर झाला. "राहा," तो म्हणाला.

"आणि प्रदर्शन?"

"जाऊ दे प्रदर्शन."

तुला सांगते, तेवढं ऐकायला ती आयुष्यभर थांबली असती. पाय निघेना. पण तिच्या डोळ्यांपुढे ते वर्ष आलं... कोरा पडदा, आपण कुणीच नाही असं वाटणं. हे आपल्यामुळे त्याच्या वाट्याला? आज तो जाऊ दे म्हणतोय. उद्या?

"नाही," ती म्हणाली आणि पटकन व्हॅनमध्ये चढली, पाय फिरायच्या आत. "काम पूर्ण कर. मग ये."

तो खिडकीशी आला. "आणि नाही झालं तर?"

व्हॅन हलली. चिऊने खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडली, "तर तसाच ये!"

वळण येईपर्यंत तो रस्त्यात उभा होता. मग दिसेनासा झाला. चिऊ हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. ड्रायव्हरकाकांनी काही न विचारता रेडिओचा आवाज वाढवला.

तो अजून आलेला नाही. काम चाललंय म्हणे. खरंच चाललंय की नाही, कुणास ठाऊक. चिऊ पुस्तक पूर्ण करतेय, आणि रोज एकदा मला विचारते, मी उतरायला हवं होतं का गं? मला नाही सांगता येत. तू सांग. तू तिच्या जागी असतीस, तो "राहा" म्हणाला असता... तर तू काय केलं असतंस?