पिवळ्या कागदाचा फ्रॉक

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या घराचं आता तिच्या कोलाजांचं छोटंसं संग्रहालय झालं होतं, आणि शाळांच्या सहली आल्या की मावशीची गोष्ट सांगायचं काम तिच्या भाचीकडे असे. सांगून सांगून ती गोष्ट तिच्या तोंडात बसली होती.

"मावशी छापखान्यात कागद कापायची," तिनं सुरुवात केली. समोर बाईंनी कशीबशी गप्प केलेली मुलं होती. "उरलेल्या पट्ट्या कचऱ्यात जायच्या. त्या ती पिशवीत भरून घरी आणायची. रंग विकत घ्यायची सोय नव्हती. मग आकाश हवं असलं की साबणाच्या वेष्टणातला निळा कागद शोधायची."

"आणि नाही सापडला तर?" दोन वेण्यांच्या एका बडबडीनं विचारलं.

"तर त्या दिवशी आकाश ढगाळ."

मुलं हसली. इथं सगळीच मुलं हसत.

मग ती त्यांना भिंतीवरची चित्रं दाखवत गेली. किटलीतून निघणारी वाफ जुन्या नकाशातल्या नद्यांची होती. जिन्याच्या पायऱ्या हिशेबाच्या कोऱ्या कागदाच्या, आणि त्यावर दप्तर घेऊन बसलेली मुलगी.

"ती मी," भाची म्हणाली. "मला मावशीनंच वाढवलं."

बडबडीनं काचेला नाक लावलं. "ताई, हिच्या शेजारी चिकटवायचं राहिलंय."

खरंच तिथं तळहाताएवढा पुठ्ठा उघडा होता. तसा तो प्रत्येक चित्रात होता.

"राहिलं नाही, मुद्दाम सोडलंय. चित्राला श्वास घ्यायला जागा."

हे वाक्य कुणा जाणकाराचं होतं. भाचीनं ते उचललं होतं, कारण त्यामुळे पुढचं सांगावं लागत नसे. मावशीला एक मुलगी होती. पाच वर्षांची असताना ती तापानं गेली आणि वर्षभरानं भाची या घरात आली. त्या मुलीची खाट तिला मिळाली, पेला मिळाला, पिवळ्यावर तपकिरी ठिपक्यांचा फ्रॉक मिळाला. मावशी कधी त्याबद्दल बोलली नाही, हिनं कधी विचारलं नाही. लहान मुलांपुढे मरणाचा विषय कशाला, असं ती स्वतःला समजावत असे. खरं तर आपण कुणाच्या जागेवर वाढलो हे चारचौघांत सांगणं तिच्या जिवावर यायचं.

मागच्या खोलीत लांब बाकं मांडली होती. कागदाच्या तुकड्यांचा डबा, वाट्यांत खळ, बोथट कात्र्या. "आपापलं घर करा," तिनं सांगितलं. कधी नव्हे ती मुलं शांत झाली. बाईंनी खिडकीशी बसून डोळे मिटले. कात्र्यांची करकर तेवढी ऐकू येत होती.

थोड्या वेळानं भाची बघायला निघाली. पहिल्या मुलानं गॅलरीचं घर केलं होतं. दाराशी एक छोटी आकृती होती. तिला चेहरा नव्हता. फ्रॉक पिवळा, वर तपकिरी ठिपके.

"ही बहीण का तुझी?"

"मला बहीण नाहीये."

पुढच्या चित्रात ती झाडाखाली होती. त्यापुढच्या चित्रात जेवणाच्या टेबलाशी.

भाचीनं मागची चित्रं पुन्हा पाहिली. "एकमेकांचं बघून केलंत?"

"नाही ताई."

"मग हा कागद कुठून आणला?"

"तिनं दिला," बडबडी म्हणाली आणि बाकाच्या टोकाकडे पाहिलं.

तिथं कुणी नव्हतं. मुलं मात्र दाटीवाटीनं, एकमेकांच्या कोपरांत कोपरं घालून बसली होती. टोकाला एकाची जागा मोकळी ठेवून.

"मलापण घ्या म्हणाली. मग आम्ही सरकलो."

भाचीनं डबा तळापर्यंत उपसला. पिवळा तुकडा एकही नव्हता.

ती स्टुलावर बसली. बाईंनी डोळे उघडून विचारलं, "बरं नाही का वाटत?" ती मुलांकडे वळली.

"एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "मावशीला एक मुलगी होती."

कुणी दचकलं नाही.

"माहितीये," बडबडी खळीची बोटं पुसत म्हणाली. "तिला वाटलं, तुम्ही सांगणारच नाही."

मग भाचीनं सगळं सांगितलं. खाटेचं, पेल्याचं, फ्रॉकचं. मुलं ऐकत राहिली. बाईसुद्धा.

दुपारी बस निघाली. भाची फाटकाशी एकटीच उभी होती. खिडक्यांतून मुलं हात हलवत होती. तिनंही हलवला.

मुलं तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या शेजारी, कमरेच्या उंचीवर कुठंतरी बघत होती.

बस वळली. तिनं मान वळवली नाही. हात हळूच खाली सोडला आणि तळवा उघडा ठेवला.

तळव्याला ओली खळ लागली.