दोन माणसांचं काम

माझी मावशी खोटं बोलत नाही. वजन विचारलं तरी खरं सांगते. म्हणून तर हे लिहायला बसले.

आणि अशा गोष्टीला रात्र लागते म्हणतात, तर तीही नव्हती. रविवारची दुपार होती. लख्ख ऊन. धक्क्यावर लोक आपापल्या होड्या धूत होते, कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

काकांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

मागे राहिली त्यांची शिडाची होडी. लहानशीच, पण पोटात डिझेल इंजिन. वारा असला की शीड, वारा पडला की इंजिन. मावसभावाला ती विकायची होती.

"आई, एकटीनं बाहेर नेऊन परत आणून दाखव," तो म्हणाला. "मग मी विकायचं नाव काढणार नाही."

"दाखवते," मावशी म्हणाली.

तिला होडीची हौस होती अशातला भाग नाही. पण घरातून काकांचा वास गेला होता. कपाटातूनसुद्धा गेला होता. होडीत तो अजून होता. ती गेली की काका खरंच गेले, एवढंच तिच्या मनात होतं.

पण इंजिन काही चालू होईना.

धक्क्यावरच्या मिस्त्रींनी इंजिनातलं ऑइल मोजायची डिपस्टिक काढून नाकाशी धरली. "वहिनी, ऑइलमध्ये डिझेल उतरलंय. पंपाचा आतला पडदा फाटला. हा पंप गेला."

हा पंप टाकीतलं डिझेल खेचून इंजिनाला देतो. टाकी होडीच्या तळाशी, इंजिन तिच्या वर. डिझेल काही आपण होऊन वर चढत नाही, कुणीतरी चढवावं लागतं. काकांचा जुना पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला होता आणि त्याला एक छोटा लिव्हर होता. नळीत हवा शिरली की तो हातानं मारायचा, आणि वरचा स्क्रू सैल करून हवा बाहेर काढायची.

ते दोन माणसांचं काम. काका इंजिनामागच्या फटीत शिरून लिव्हर मारायचे. कट्, कट्, कट्... मग जरा दम. पुन्हा कट्, कट्, कट्... मावशी वर पाना घेऊन स्क्रूपाशी. काका तिला दिसायचे नाहीत. ती नुसती सांगत राहायची, "फेस... अजून फेस..." आणि फेस संपून निखळ डिझेल आलं की म्हणायची, "साफ." की काका थांबायचे. आमचं एवढं एकमत दुसऱ्या कशात कधी झालं नाही, असं मावशी अजून म्हणते.

शेवटच्या वर्षी काकांची फुप्फुसं गेली होती. चार पायऱ्या चढल्या तरी छातीतून शिट्टी वाजायची. तरी लिव्हरला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"जुन्यासारखाच हवा तर मागवून देतो," मिस्त्री म्हणाले. "नाहीतर विजेचा बसवा. चावी फिरवली की टिक टिक करत खेचतो. कमी दाबाचा मात्र घ्या, मोटारीचा दांडगा पंप लावलात तर पुढची पॅकिंगं फुटतील. या पंपाचं एक बरं आहे... हवा काढायला दुसरं माणूस लागत नाही."

मावशीनं इंजिनामागच्या त्या फटीकडे पाहिलं.

"मग तोच द्या," ती म्हणाली.

मिस्त्रींनी जुना पंप काढून नेला. जिथं तो होता त्या भोकावर लोखंडी पट्टी घट्ट बसवली. लिव्हर वगैरे काही उरलंच नाही तिथं. बाकीचं मावशीनं हट्टानं स्वतः केलं. नवा पंप तळाशी, टाकीजवळ बसवला. त्याच्यावरच्या बाणाचं तोंड इंजिनाकडे आहे ना, ते दहादा पाहिलं. नळ्यांच्या क्लिपा आवळल्या, वायर चावीपर्यंत ओढली.

रविवारी ती एकटीच गेली.

चावी फिरवली. पाना घेऊन स्क्रू सैल केला. टिक टिक काही ऐकू येईना. रेडिओमुळे असेल, तिला वाटलं.

आणि मग...

कट्.

इंजिनाच्या मागून.

कट्, कट्... मग जरा दम.

कट्, कट्, कट्...

स्क्रूतून फेस आला. मावशीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "फेस..."

कट्, कट्, कट्...

"अजून फेस..."

मग डिझेल आलं. निखळ. कसंबसं म्हणाली, "साफ."

आवाज थांबला.

तिला भीती वाटली नाही. उलट इतका आनंद झाला, की एवढा आनंद आपल्याला शोभतो का, अशी लाज वाटली. डोळे पुसले, स्क्रू आवळला, इंजिन चालू केलं. पहिल्या झटक्यात लागलं.

होडी एकटीनं बाहेर काढली. आणि वाटभर काकांशी बोलत राहिली. सुनेनं पडदे बदलले ते. तुमची खुर्ची मी कुणाला बसू देत नाही ते. शेजारच्यांचं कुत्रं अजून दाराशी येऊन बसतं ते. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं.

पाण्यात खूप आत गेल्यावर वारा मिळाला. शीड उभारायला तिनं इंजिन बंद केलं.

शांत झालं.

आणि त्या शांततेत...

कट्...

......कट्...

खूप सावकाश. आणि मधेमधे श्वास. ओढून ओढून घेतलेला, छातीत शिट्टी वाजणारा. तो श्वास तिनं वर्षभर उशाशी बसून ऐकला होता.

मावशी खाली उतरली. नव्या पंपाला हात लावला. गार. चावी फिरवून पाहिली. पंप हललासुद्धा नाही. वायर चाचपत गेली तर फ्यूजची डबी रिकामी. फ्यूज लावायचाच राहिला होता. तो तिच्या खिशात होता, कागदाच्या पुडीत.

म्हणजे इथवर...

"मी वर बसून गप्पा मारत होते गं," मावशी सांगते. "आणि हे खाली राबत होते. त्या छातीनं."

तिनं फ्यूज बसवला. पंप टिक टिक करायला लागला.

"ऐकलंत का अहो? आता हा करतोय. तुम्ही सोडा."

कट्...

"साफ आहे. साफ आहे हो सगळं. बस करा आता."

......कट्...

तिनं चावीच काढून घेतली. इंजिनाच्या पेटीवर हात ठेवून तिथंच बसून राहिली, लहान मुलाला थोपटतात तशी थोपटत. आवाज थांबायला संध्याकाळ झाली. मग नुसत्या शिडावर, चाचपडत, होडी परत आणली.

मिस्त्रींनी सगळं तपासलं. पट्टी जशीच्या तशी घट्ट होती. फ्यूजवाचून, म्हणजे पंपावाचून, होडी इंजिनावर एवढी लांब जाणं शक्य नाही, म्हणाले. मग टोपी काढली, पुन्हा घातली आणि दुसऱ्या कामाला गेले.

मावसभावानं शब्द पाळला. होडी आहे. फ्यूज जागेवर आहे, नवा पंप अगदी चोख आहे.

पण मावशीनं त्या दिवसापासून इंजिन चालू केलेलं नाही. शिडावर जाते, शिडावर येते. वारा पडला की तासन् तास बसून राहते. मुलगा चिडतो. इंजिन काय शोभेला ठेवलंय का, म्हणतो. ती हसून विषय बदलते.

मागच्या महिन्यात मी तिच्याबरोबर गेले होते. परतताना वारा पार पडला. पाणी काचेसारखं झालं. धक्का समोर दिसत होता, पण होडी जागची हलेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मीच चावीला हात घातला.

मावशीनं माझं मनगट धरलं.

"नको," ती हळूच म्हणाली. इतक्या हळू, की आत कुणी निजलेलं असावं. "आत्ता कुठं टेकलेत."

मी खाली वाकून कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे, मला वाटतं, काहीच नव्हतं.

मी चावी सोडली. आम्ही दोघी वाऱ्याची वाट बघत बसून राहिलो.