नुसतं बघितलं

बरहुकूम डावा हात वर धरून थांबलं होतं. विभागातली मंडळी चहाला निघाली, जाता जाता काचेतून आत बघून हसली, तरी ते जागचं हललं नाही. समोर केळीच्या खोडाच्या रसाचं भांडं, हातात जिवाणूंची बाटली, आणि पडद्यावर केतकी भंगाळेच्या प्रबंधातलं वाक्य: ‘सदर द्रावणात संवर्धित जिवाणूंचे समुचित प्रमाणात मिश्रण करण्यात यावे.’ त्यातला एकच शब्द लाल झाला होता. समुचित.

“समुचित म्हणजे दोन चमचे रे बाबा!” काचेबाहेर केतकी पुटपुटली. “घाल की!”

“त्याला ऐकू येत नाही,” फैजान तडवी म्हणाला. तो तिच्याच प्रयोगशाळेत शिकणारा, पुढच्या वर्षी त्याचाही प्रबंध याच काचेमागे जायचा होता. “आणि ऐकू आलं तरी ते तुझं मानणार नाही. उगाच का बरहुकूम नाव ठेवलंय?”

हे दोन हातांचं यंत्र विद्यापीठात आलं त्यालाही कारण तसंच होतं. स्वतःच मजकूर रचून देणारी लेखनयंत्रं घरोघरी झाली तसे प्रबंध फार देखणे व्हायला लागले. वाचताना मान डोलवावी असे. पण त्यात लिहिल्याप्रमाणे कुणी प्रयोग करून बघायला गेलं की निम्मे जमायचेच नाहीत. मग बरहुकूम आलं. त्याला वाचता यायचं, हात चालवता यायचे, बाकी मुद्दाम अडाणी ठेवलेलं. मनाने अंदाज बांधायचा नाही, ही त्याची पहिली शिकवण. प्रबंधातलं ‘पद्धती’चं प्रकरण त्याच्यापुढे ठेवायचं, लिहिलंय तेवढंच ते करणार. लेखकाने काचेबाहेर उभं राहायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. प्रयोग जमला तर प्रबंध सिद्ध. तीनदा फसला तर ‘असिद्ध’. आणि लोक काय, असिद्ध म्हणजे खोटंच समजतात.

केतकीची पहिली संधी अशी एका शब्दापायी गेली.

आता केतकी काही खोटं बोलणारी पोर नव्हे. केळीच्या खोडाचा रस आपल्या जळगावकडे वाहून वाया जातो. त्या रसावर एका जातीचे जिवाणू सोडले की दुधावर धरावी तशी जाड साय धरते, आणि ती धुऊन वाळवली की भाजलेल्या कातडीवर घालायला मऊ पट्टी मिळते, हे तिने स्वतःच्या हाताने करून दाखवलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा. पट्ट्या कपाटात होत्या. पण करणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तिच्या मार्गदर्शक वारके मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर एक भांडं, एक बाटली, एक चमचा.

“तू वाच. मी करते,” मॅडम म्हणाल्या.

केतकीने वाचलं, “द्रावण सिद्ध झाल्यानंतर...”

मॅडम हाताची घडी घालून बसल्या. “झालं का सिद्ध?”

“अहो मॅडम, ते बघितलं की कळतं ना!”

“मला नाही कळत. मी इथे नाहीच. मी ब्राझीलमध्ये आहे, तू घरी झोपली आहेस, आणि माझ्यासमोर फक्त तुझा कागद आहे. आता मी कुणाला विचारू?”

केतकी जरा फुरंगटून म्हणाली, “प्रबंधाची भाषा अशीच असते ना पण? तुमच्या प्रबंधातही पानोपानी ‘समुचित’ आहे. मी बघितलंय.”

मॅडम खळखळून हसल्या. “आहे ना! म्हणून तर माझा प्रयोग आजवर कुणी करून बघितला नाही. तुझं तसं होऊ नये, एवढंच म्हणते.”

त्या दिवसापासून केतकी हट्टाला पेटली. लेखनयंत्राने सजवलेला मसुदा तिने बाजूला ठेवला आणि पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायला बसली. एकेक वाक्य लिहायची आणि फैजानला करायला लावायची. एकदा त्याने रस सरळ टेबलावर ओतला.

“अरे मेल्या!”

“भांड्यात ओता, असं कुठे लिहिलंयस?” फैजान साळसूदपणे म्हणाला.

तिला राग आला, हसू आलं, आणि तिने वाक्य दुरुस्त केलं. ‘समुचित’ गेलं, तिथे माप आलं. ‘सिद्ध झाल्यानंतर’ गेलं, तिथे ‘फेस बसला आणि रंग फिकट पिवळा झाला की’ आलं. वाक्यं आखूड झाली. कोण काय करतं, कशात करतं, कधी थांबतं, सगळं नीट दिसायला लागलं. आपण लिहिलेलं आपल्यालाच परक्यासारखं वाचता येतं, याचं तिला नवल वाटायला लागलं.

दुसऱ्या खेपेला बरहुकूम एकदाही अडलं नाही. केतकीची मान ताठ झाली. यंत्राने भांडं झाकलं, उबेला ठेवलं, आणि प्रकरणात लिहिले होते तितके दिवस जाऊ दिले. मग समितीसमोर झाकण उघडलं.

साय नव्हती. आत नुसतं गढूळ पाणी, आणि दार उघडताच असा कुबट वास की काचेबाहेरच्यांनीही नाकाला रुमाल लावले.

समितीचे अध्यक्ष तसे भले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हळूच विचारलं, “मुली, तुझ्या हातून हे खरंच झालं होतं ना?”

रागावले असते तर तिने सोसलं असतं. हा प्रश्न तिला सोसवला नाही. जिन्यावर बसून ती हमसून हमसून रडली. “सगळं लिहिलंय रे मी,” ती फैजानला म्हणाली. “एक अक्षर सोडलं नाही. तरी मी खोटी?”

“मग आता तू लिहू नकोस,” तो म्हणाला. “तू नेहमीसारखा प्रयोग कर, मी लिहितो. तू नाक खाजवलंस तरी लिहिणार.”

तिने प्रयोग लावला. फैजान लिहीत गेला. कागदाबाहेरचं काहीच सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, पिशवी खुंटीला अडकवली, भांड्यापाशी गेली, झाकण उचललं आणि वाकून आत बघितलं. “काय रे, धरतंय का?” असं भांड्यालाच विचारत जरा वेळ रेंगाळली, मग झाकण लावलं.

“हे काय?” फैजानने विचारलं.

“काय?”

“झाकण उघडलंस.”

“अरे, ते नुसतं बघितलं. ते काही काम नव्हे.”

“रोज बघतेस?”

“रोज म्हणजे... चैन पडत नाही ना मला. घरी दही लावलं तरी दहादा उघडून बघते. आई ओरडते...”

दोघंही त्या झाकणाकडे बघत बसले.

मग त्यांनी दोन भांडी लावली. एक बंदच ठेवलं, दुसऱ्यात रोज सकाळी हवा जाऊ दिली. बंद भांडं कुजलं. उघडलेल्या भांड्यावर पांढरीशुभ्र, जाड साय धरली. जिवाणूंना ताजी हवा लागत होती, आणि इतके दिवस ती त्यांना मिळत होती केतकीच्या काळजीपोटी! आपल्या हातांना ठाऊक असलेली गोष्ट डोक्याला ठाऊकच नव्हती. लिहायला बसली नसती तर ती जन्मभर कळली नसती.

तिने स्वतःच्या हाताने नवी वाक्यं लिहिली. ‘रोज सकाळी झाकण पूर्ण उघडावे. शंभर सेकंद उघडे ठेवावे. परत लावावे.’ का उघडावे, त्याचंही कारण दिलं, दोन्ही भांड्यांचा पुरावा दिला. वारके मॅडमनी ते पान परत परत वाचलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, “ही तीन वाक्यं मला लिहिता आली असती तर मी गावभर मिरवली असती. मला अभिमान वाटतो गं तुझा, पोरी.”

तिसऱ्या खेपेला केतकीला काचेपाशी उभं राहवेना. ती जिन्यावर जाऊन बसली. आतून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा फैजान धावत आला. अध्यक्ष स्वतः बाहेर आले. त्यांच्या तळहातावर ओली, झुळझुळीत साय होती. “घे. तुझी आहे,” ते म्हणाले.

“माझी कुठे, सर? मी तर हातही लावला नाही,” केतकी म्हणाली. आणि बोलता बोलता तिला उमगलं की आपल्याला हेच तर करायचं होतं. तिचा ऊर असा भरून आला की जिना उतरताना ती दोनदा पायरी चुकली.

प्रबंध सिद्ध झाला आणि सगळ्यांसाठी खुला झाला. काही महिन्यांनी सातपुड्यात धडगावच्या बाजूच्या एका लहानशा दवाखान्यातून तिला निरोप आला. तिथल्या परिचारिका सायकाबाई वळवी लिहीत होत्या. दवाखान्याला नवंकोरं बरहुकूम मिळालं होतं, आणि त्याने तिचं प्रकरण वाचून पट्ट्या केल्या होत्या. चुलीवर भाजलेल्या एका मुलीच्या हातावर त्यातली एक घातली होती. सोबत हात पुढे करून हसणाऱ्या त्या मुलीचा फोटो होता. केतकीने तो आईला दाखवला, मॅडमना दाखवला, फैजानला तर तीनदा दाखवला.

निरोपाच्या शेवटी सायकाबाईंनी विचारलं होतं: ‘ताई, एक शंका आहे. आमचं यंत्र रोज सकाळी झाकण उघडतं, ते बरोबर. पण उघडलं की जरासं वाकतं आणि आत बघत राहतं. हे तुमच्या कागदात कुठे आहे, आम्हाला सापडलं नाही.’

केतकीने प्रकरण काढलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, परत वाचलं. झाकण होतं, शंभर सेकंद होते. वाकणं नव्हतं. बघणं नव्हतं. ते तर तिने काम नव्हे म्हणून गाळलं होतं.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच वेळी ओठांवर हसूही आलं. जे तिने लिहिलंच नव्हतं, ते त्याने वाचलं कुठे?