अंडं आणावं, अळी आणू नये

इमारतीतली मुलं त्यांना अळीकाकू म्हणत, आणि काकूंना त्याचं काही वाटत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीत आइस्क्रीमचे अकरा रिकामे डबे, प्रत्येकाच्या तोंडाला मलमलीचं फडकं, तळाशी टिश्यूपेपर आणि आत लिंबाची पानं कुरतडणाऱ्या अळ्या, असा संसार मांडून बसलेल्या बाईला मुलांनी दुसरं म्हणायचं तरी काय? रोज सकाळी चहाच्या आधी डबे. जुनी पानं काढायची, लेंड्या झटकायच्या, धुऊन पुसलेली नवी पानं ठेवायची. अळीला बोट लावायचं नाही, रंगाच्या बारीक ब्रशनं अलगद उचलायचं. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी चिमुकली अळी पंधरा दिवसांत हिरवीगार, गुबगुबीत होई, मग काडीला चिकटून कोष करी, आणि आणखी दहा-बारा दिवसांनी एका सकाळी त्या काडीवर ओल्या पंखांचं फुलपाखरू बसलेलं असे. खिडकीतून सोडताना काकू दरवेळी त्याला "सावकाश जा" म्हणत.

काकूंची एकवीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा तपासण्यात गेली होती. केसाएवढा ओरखडा, टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्त होताना मालकांनी डोळ्याला लावायचं भिंग भेट दिलं, ते आता अळ्यांच्या सेवेत होतं. आणि या छंदातला त्यांचा एकच कडक नियम होता. अंडं आणावं, अळी आणू नये. पानावरचं ताजं अंडं घरी आणलं की आत काय आहे ते ठाऊक असतं. बाहेर वाढलेल्या अळीचं तसं नाही. चिलटाएवढी एक काळी माशी असते, ती अळीच्या पाठीत नांगी खुपसून आत आपली अंडी घालून जाते. बाहेरून दिसतो एक काळा ठिपका, तोही दिसला तर. अळी मरत नाही. ती खाते, चालते, वेळच्या वेळी कात टाकते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की सगळं बरं चाललंय.

काका लिफ्टची दुरुस्ती करत. माणूस कामाला चोख आणि जिभेला तिखट. "लिफ्ट निदान खाली तरी येते, दादाचा पारा नुसता वर जातो," असं त्यांची बहीण म्हणायची. काकू तिला वन्सं म्हणत, वयानं ती लहान असली तरी. काकांना चहा कधी आवडला नाही. पाणचट तरी असे, नाहीतर कडू तरी. अळ्यांच्या डब्यांकडे ते तोंड वाकडं करून बघत आणि "तुझ्या पलटणीला जेवण मिळालं असेल तर आम्हालाही वाढा" म्हणत. एकतीस वर्षं दोघं भांडले, आणि भांडल्याशिवाय दोघांनाही घास गोड लागत नसे.

मग एके दुपारी काका लिफ्टच्या खड्ड्यात पडले. एकच मजला, पण डोक्यावर पडले. अठरा दिवस डोळे उघडले नाहीत. सतराव्या दिवशी डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेतलं आणि मनाची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. काकू कॉटजवळच्या स्टुलावर येऊन बसल्या. रडायचं त्यांना तेव्हा सुचलं नाही. काकांच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "कसेही या, पण या. एक दिवस का होईना, या."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी काकांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

त्या दिवसापासून काकूंना जगाचे उपकार कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. वॉर्ड झाडणाऱ्या बाईंचे त्यांनी हात धरले. टॅक्सीवाल्याला दोनदा थँक्यू म्हणाल्या. घरी आल्यावर काकांना खुर्चीत बसवून त्यांनी चहा दिला आणि सवयीनं बोलणी खायच्या तयारीत उभ्या राहिल्या. काकांनी एक घोट घेतला.

"छान झालाय," ते म्हणाले.

काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले. आनंदानंच पुसले, निदान तेव्हा त्यांना तसं वाटलं.

काका झपाट्यानं सुधारले. चालू लागले, जिने चढू लागले. सगळी माणसं, सगळ्या गोष्टी त्यांना आठवत होत्या. मात्र भूक जबर वाढली होती. दोन माणसांचं अन्न ते एका बैठकीला संपवत, पानात काय पडलंय याकडे न बघता, कडेपासून सुरुवात करून एका ओळीत. तरी तपासणीला गेल्यावर वजन चार किलोनं उतरलेलं निघालं. रिपोर्ट चांगले होते. शरीर भरून यायला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले.

वन्सं बँकेत होती, आणि आकडे जुळले नाहीत की तिला चैन पडत नसे. ती दर रविवारी येई. एकदा तिनं भावाला मुद्दाम डिवचलं, लहानपणी त्यानं तिची सायकल विहिरीत टाकली होती ते काढलं. या विषयावर त्यांची तीस वर्षं हमरीतुमरी चालत आलेली. काका शांतपणे म्हणाले, हो, टाकली होती, चुकलंच माझं. जाताना वन्संनं जिन्यात काकूंचा हात धरला.

"वहिनी, सगळं आठवतंय त्याला. पण दादा माझ्याशी भांडला नाही."

काकू चिडल्या. मरणाच्या दारातून माणूस परत आलाय आणि तुम्हाला भांडण हवंय, असं त्यांनी तिला चांगलं सुनावलं. घरात आल्यावर मात्र त्या बराच वेळ नळ सोडून नुसत्या उभ्या राहिल्या.

पुढे काका डब्यांपाशी बसू लागले. आधी नुसते बघत, मग हळूहळू पानंही तेच बदलू लागले. त्यांच्या हाताला अळ्या बिचकत नसत. ब्रश त्यांना लागत नसे. ते बोट ठेवत आणि अळी आपण होऊन बोटावर येई. एकतीस वर्षं जे मागितलं नव्हतं तेही मिळालं, काकूंना वाटलं. दोघं शेजारी बसून पानं पुसत, आणि त्या सकाळी इतक्या निवांत असत की काकूंना स्वतःचाच हेवा वाटे.

एका सकाळी काका फेरफटका मारून आले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक मोठी हिरवी अळी होती. नियम नियमाच्या जागी, पण या माणसाला नाही कसं म्हणायचं? काकूंनी बारावा डबा काढला. काका हात धुवायला गेले तेव्हा भिंग लावून पाहिलं. डोक्यामागे, पाठीच्या मधोमध, काळा ठिपका.

"ही नको ठेवायला," काका आल्यावर त्या म्हणाल्या. "हिच्या आत माशीनं अंडी घातलीत."

"राहू दे. तिला त्रास नाहीये काही."

"तुम्हाला काय माहीत?"

काकांनी डब्यावर फडकं ताणून बसवलं. "भूक तेवढी लागते," ते म्हणाले. "एकटं नाही वाटत."

दुपारी काकूंनी काकांचे मानेवरचे केस कापायला घेतले, नेहमीसारखं गॅलरीत, खांद्यावर टॉवेल टाकून. कंगव्यानं केस वर केले आणि त्यांचा हात थांबला. केसांच्या कडेला, मानेच्या मधोमध, एक काळा ठिपका होता. हॉस्पिटलात किती सुया टोचल्या होत्या, त्यातलीच एखादी असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. मानेत सुया टोचत नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं. कमरेच्या बटव्यातलं भिंग त्यांनी बाहेर काढलं. ऊन चांगलं होतं. काका मान खाली घालून, लहान मुलासारखे गप्प बसले होते.

काकूंनी भिंग परत बटव्यात ठेवलं आणि बाकीचे केस कापले.

पुढच्या मंगळवारी बाराव्या डब्यात ते झालं. अळीच्या कुशीतून माशीची पिल्लं बाहेर आली होती आणि प्रत्येकानं आपल्याभोवती तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा कोष विणला होता. अळी जिवंत होती. काकूंनी हे पूर्वी एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हा दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं. अळी आता काही खाणार नाही. त्या दाण्यांवर स्वतःच्या तोंडातला रेशमाचा दोरा ओढत राहील, जणू तिचीच पोरं. काकूंनी ब्रश जवळ नेला तशी तिनं डोकं जोरात डावीकडे फेकलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. राखण करत होती ती. कुणी छेडलं नाही तर अशी आठ-दहा दिवस जगते.

गुरुवारी काकांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"भूक नाही?"

"नाही."

दुपारी काकू कपडे भिजवायला बसल्या. काकांच्या बनियनला पाठीवर भोकं पडली होती. बारीक, गोल, एका रांगेत. रक्ताचा डाग कुठेच नव्हता. थोडी ओल होती, तिला वास नव्हता. काकूंनी बनियन धुतला, पिळला, वाळत घातला. मग त्या चहा घेऊन काकांकडे गेल्या.

काका घरातल्या सामानाच्या छोट्या खोलीत, दाराशी बसले होते.

"अहो, खरं सांगा. चहा कसा झालाय?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. फार मायेनं पाहिलं.

"पाणचट," ते म्हणाले.

काकूंना हुंदका फुटला. किती दिवसांनी ऐकला होता तो शब्द. कप उचलून नेताना त्यांना दिसलं की तो काठोकाठ भरलेला आहे.

त्या संध्याकाळी शिवणाच्या डब्यातली सगळी रिळं नाहीशी झाली.

शनिवारी सकाळी वन्सं आली ती खाली टॅक्सी उभी करूनच. दादाला आत्ताच्या आत्ता मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं, तिनं येतानाच ठरवलं होतं. ती थेट सामानाच्या खोलीकडे गेली.

काका दारात उभे राहिले. त्यांनी डोकं डावीकडे फेकलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

वन्सं भिंतीला टेकली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"वहिनी, तुम्ही चला माझ्याबरोबर. हा दादा नाही."

काकूंना तिला खोटं पाडता येईना. पण डोळ्यांपुढे आलं ते हॉस्पिटलातलं स्टूल. एक दिवस मागितला होता. जवळजवळ तीन महिने मिळाले होते. शेजारी बसून पानं पुसलेल्या सकाळी मिळाल्या होत्या. कुणी दिलं, काय म्हणून दिलं, हे विचारायला गेलं की दिलेलं परत मागितलं जातं, असं त्यांना वाटलं. आणि आता उरलेले आठ-दहा दिवसही कुणी छेडलं नाही तरच.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "तुमचे उपकार आहेत, धावत आलात. पण दहा दिवसांनी या."

"दहा दिवसांनी काय होणार आहे?"

"तेव्हा तुमची गरज लागेल मला."

वन्सं रडत जिना उतरली. उद्या डॉक्टरांना घेऊन येते म्हणाली, दोनदा म्हणाली. काकूंनी दाराला आतून कडी घातली, वरची आणि खालचीही.

सामानाच्या खोलीपाशी त्या गेल्या तेव्हा काकांचं डोकं हललं नाही. ते बाजूला झाले आणि त्यांना आत येऊ दिलं.

जमिनीवर रिकामी रिळं पडली होती. मागच्या कोपऱ्यात, जुन्या टेबलाखाली, दोऱ्यांचं दाट जाळं विणलेलं होतं, पांढरं, निळं, शिवणाच्या डब्यात होते ते सगळे रंग. त्याच्या आड काहीतरी पांढरं होतं, एका रांगेत, एकमेकांना चिकटून. काकूंना मोजायची सवय होती. त्यांनी मोजलं नाही.

काका टेबलापाशी वाकून बसले. जाळ्याची एक बाजू अजून उघडी होती, हातभर. ते बोटांनी ती पुन्हा पुन्हा चाचपत होते, आणि त्यांच्याकडे दोरा उरला नव्हता. किती बारीक झाले होते ते, पाठीचे मणके शर्टातून दिसत होते.

"दमलात," काकू म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली.

काकू त्यांच्या शेजारी टेकल्या. सकाळच्या गारठ्याला घातलेला स्वेटर त्यांच्या अंगात होता. डाव्या बाहीच्या कडेला त्यांनी लोकरीचं टोक शोधलं, गाठ दातानं सोडवली आणि टोक काकांच्या हातात दिलं. बाही मनगटापासून उसवायला लागली. लोकर सहज सुटावी म्हणून काकू हात वर धरून बसून राहिल्या.