‘सुबक’ नावाचं बटण

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फक्त त्याचे पाय दिसले. शाळेच्या संगणकखोलीत, टेबलाखालून बाहेर आलेले. एका मोज्याला भोक. त्या पायांवरच मी ओरडले.

"मुलांच्या चित्रांचा हा नवा प्रोग्रॅम कोणी टाकला?"

"मी," टेबलाखालून आवाज आला. "आवडला ना?"

आवडला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दहा मिनिटांपूर्वी पहिलीतल्या आमच्या चिमणीनं पडद्यावर आपली आई काढली होती. आईचा एक पाय आखूड आहे. पोरीनं अगदी तश्शी काढली. तिनं माऊस सोडला आणि प्रोग्रॅमनं तो पाय आपोआप दुसऱ्याएवढा करून टाकला. तिनं पुन्हा काढला, त्यानं पुन्हा बदलला. चौथ्या वेळी ती रडत माझ्याकडे आली... "बाई, ही माझी आई नाहीये."

हे सगळं मी त्या पायांना एका दमात ऐकवलं. मग पायांमागून माणूस बाहेर आला. केसांत जळमटं, डोळे... डोळे छान होते, पण तेव्हा मला ते कबूल करायचं नव्हतं.

"मुलांना सोपं जावं म्हणून केलंय ते," तो म्हणाला. "वाकडं काढलेलं आपोआप सुबक होतं."

"वाकडं कोणी ठरवलं?"

"मी. प्रोग्रॅम मीच लिहिलाय."

"बरं झालं. म्हणजे ओरडायला आणखी कुठे जायला नको."

आता तोही तापला. "बाई, लहानपणी माझं चित्र वर्गभर फिरवून मास्तर हसले होते. त्यानंतर मी ब्रशला हात लावला नाही. कुठल्याच पोराला कोणी हसू नये म्हणून दोन वर्षं खपलोय मी!"

मी कमरेवरचे हात खाली घेतले. क्षणभरच.

"मग हसणाऱ्यांना सरळ करायचं... चित्रांना कशाला?"

त्यानं खिशातून पेन काढलं आणि माझं वाक्य तळहातावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन हजर. मागच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसला. मुलं कशी काढतात ते बघायचं होतं म्हणे. मग रोजच यायला लागला आणि रोज आमची जुंपायला लागली. खोडरबर एवढा मोठा का? रंग भरताना तो टुंग आवाज कशाला? मी सकाळी आरशासमोर मुद्दे पाठ करायचे. एकदा आई दारातून म्हणाली, "भांडायला जाताना नवे कानातले कशाला गं?"

मी तिच्यावरही चिडले.

पंधराव्या दिवशी तो आला तो लालबुंद होऊन. "आमच्या कंपनीतले साहेब ऐकेचनात. शेवटी राजीनामा टेबलावर आपटला, तेव्हा कुठे मानले. आता ‘सुबक’चं वेगळं बटण आहे. ज्याला हवं त्यानं दाबावं."

चिमणीनं बटण दाबलं नाही. तिची आई पडद्यावर जशीच्या तशी उभी राहिली. पोरगी तिला जांभळी साडी रंगवत बसली.

मुलं गेल्यावर त्यानं पिशवी खांद्याला लावली. "झालं मग. उद्यापासून यायचं काही कारण उरलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "कारण उरलं नाही म्हणजे? पंधरा दिवस माझं डोकं खाल्लंस, आणि आता पिशवी उचलून निघालास? उद्या मी भांडू कोणाशी? तुला काही कळतं की नाही?"

त्याचे कान लाल झाले होते.

"बाई... तुम्ही मला अरेतुरे केलंत."

"रागात निघालं."

"मग... हा राग जाऊ देऊ नका." त्यानं पिशवी हळूच खाली ठेवली. "मला तुमचा ओरडा रोज ऐकायचाय. म्हणजे... जन्मभर. चालेल?"

"‘तुमचा’ काय?" मी आणखीच चिडून म्हणाले. "‘तुझा’ म्हण."